पापण्या सुजतात? गाजर गवत आठवा

मायबहिणींनो, ॲलर्जी म्हणजे नुसत्या शिंका नव्हेत. पावसाळ्यात निंदणीला गेलं की पापण्या सुजतात, मान आणि कोपराची घडी खाजून जाड, काळी पडते? गजकर्ण समजून मेडिकलमधली ट्यूब मनाने लावू नका. कारण गाजर गवत असू शकतं. १९५५ च्या सुमारास पुण्यात दिसलेलं हे गवत आज आपल्या परभणीच्या बांधावर, नालीकाठीही आहे. हात न लावताही त्याचा वाळका भुगा वाऱ्याने अंगावर बसतो. खूण लक्षात ठेवा : काही दिवस शेतात गेलं नाही की उतार, गेलं की पुन्हा खाज. पूर्ण बाह्या घाला, घरी येताच आंघोळ करा. त्रास असणाऱ्याने गवत उपटू नये; इतरांनी हातमोजे घालून फुलोऱ्याआधी उपटावं. सरकारी दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. ओठ-जीभ सुजली, दम लागला तर लगेच १०८ ला फोन करा.