सायकलवाल्याचा दम कसा मोजावा?

आपल्यापैकी पुष्कळजण शेतावर, डेअरीवर, बाजाराला सायकलने जातात. काहीजण डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून, तर काही तरुण निव्वळ हौसेने सकाळी दहा-पंधरा किलोमीटर सायकल मारून येतात. महिना-दोन महिने झाले की प्रश्न पडतो, अंगात काही फरक पडला की नाही? सोबत्याला मागे टाकले की फरक पडला असे आपण धरतो. पण सोबत्याच्या कॅरिअरला दुधाच्या किटल्या असल्या तर?

सपाट रस्त्यावरचा वेग हे माप फसवे आहे. वेगात जाताना आपली बहुतेक शक्ती हवा कापण्यात जाते. बेल्जियमच्या एडी मर्क्सने १९७२ साली तासाभरात ४९.४३१ किलोमीटर अंतर तोडून विक्रम केला, तो मुद्दाम मेक्सिको सिटीला जाऊन. ते शहर दोन हजार मीटरहून उंचावर आहे व तेथील हवा विरळ आहे. एवढ्या पट्टीच्या सायकलपटूलाही हवेचा हिशेब करावा लागला. मग वारा पाठीशी असताना लवकर घरी पोचलो म्हणून आपण काय समजावे?

म्हणून गावाबाहेरचा, वर्दळ नसलेला एखादा चढ निवडावा. चढावर वेग कमी असतो, त्यामुळे वाऱ्याची लुडबूड कमी होते. पंधरवड्यातून एकदा, सकाळी ठराविक वेळी, ओझे न घेता, त्याच सायकलने तो चढावा व लागलेली मिनिटे वहीत टिपावी. चाकात हवा भरलेली असावी, साखळीला तेल असावे, ब्रेक रिमला घासत नसावा. नाहीतर दोष सायकलचा, आणि बोल पायांना! ज्यांच्याकडे चढ नाही त्यांनी वारा पडलेला असताना सपाट रस्त्याचा एकच टप्पा ठरवून घ्यावा.

दुसरे माप नाडीचे. आमच्या मते हेच अधिक मोलाचे. सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातच, मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटे ठेवून पुरे एक मिनिट ठोके मोजावे. अंगठ्याने मोजू नये, त्याची स्वतःचीच नाडी लागते. विसाव्यात मोठ्या माणसाचे ठोके साधारण ६० ते १०० पडतात. नियमित सायकल चालवणाऱ्याचे हृदय दर ठोक्याला अधिक रक्त ढकलू लागते, म्हणून काही आठवड्यांत हा आकडा उतरू लागतो. एखाद्या सकाळी तो नेहमीपेक्षा आठ-दहाने चढलेला दिसला, तर थकवा, अपुरी झोप किंवा येऊ घातलेला ताप समजून त्या दिवशी सायकल भिंतीला टेकलेली बरी. सुगीच्या दिवसांत तर असे होणारच.

चढ संपताच ठोके मोजावे, मिनिटभर सावकाश चालावे व पुन्हा मोजावे. दम वाढतो तसे ठोके लवकर खाली येतात. मिनिटाभरात ते बारानेही उतरत नाहीत असे वारंवार दिसले, तर डॉक्टरांना वही दाखवावी. छातीत दाब वाटला, भोवळ आली किंवा डावा हात, जबडा दुखू लागला, तर मात्र मोजत बसू नये. तेथेच थांबून ताबडतोब दवाखाना गाठावा, तोही दुसऱ्याच्या वाहनाने.

रक्तदाबासाठी अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची नाडी औषधानेच मंदावते. त्यांनी नाडीऐवजी बोलण्यावरून पारख करावी: पूर्वी ज्या ठिकाणी एक शब्द बोलवत नव्हता, तेथे आता सोबत्याशी पुरे वाक्य बोलता येते का? आकडा नीट मिळावा म्हणून गोळी चुकवू नये.