भीती ऐकू येते ती कशी?

चित्रपटगृहात एखादा भयानक प्रसंग सुरू झाला, की बहुतेक प्रेक्षक काय करतात? डोळ्यांवर हात धरतात आणि बोटांच्या फटीतून हळूच पाहतात. कानांत बोटे घालणारा प्रेक्षक मात्र विरळाच. खरे म्हणजे त्याचाच उपाय अधिक गुणकारी आहे. घरी दूरदर्शन संचावर एखादा भयपट चालू असेल, तर आवाज पूर्ण बंद करून पाहा. अंधारा जिना, हलणारा पडदा, दाराची कडी हे सारे दिसत राहील, पण छातीतली धडधड बरीच उतरलेली असेल. आता उलट करा. पडद्याकडे पाठ करून नुसता आवाज ऐका. भीती परत येते, आणि कित्येकदा पूर्वीपेक्षा जास्तच येते.

असे का व्हावे? आवाज म्हणजे शेवटी हवेची कंपने. त्या कंपनांना दात नाहीत, नखे नाहीत. मग त्यांची भीती का वाटते? आणि एकाच आवाजाने एकाच्या अंगावर काटा येतो, तर शेजारी बसलेल्याला जांभई येते, हे कसे? याचा विचार आपण या लेखात करू.

कोबी, कलिंगड आणि किंकाळी

२०१२ साली पीटर स्ट्रिकलँड या ब्रिटिश दिग्दर्शकाचा ‘बर्बेरियन साउंड स्टुडिओ’ हा प्रायोगिक चित्रपट प्रदर्शित झाला. चित्रपट प्रौढांसाठी आहे. पण त्यामागचे विज्ञान आपल्या उपयोगाचे आहे. गिल्डेरॉय नावाचा एक भिडस्त इंग्रज ध्वनितंत्रज्ञ इटलीतील एका स्टुडिओत कामाला येतो. काळ १९७० नंतरचा. निसर्गविषयक माहितीपटांचे ध्वनिमुद्रण करण्यात त्याची हयात गेलेली. येथे मात्र त्याला एका क्रूर भयपटाला आवाज द्यायचा आहे.

गंमत अशी, की त्या भयपटाची श्रेयनामावली सोडली, तर त्यातील एकही दृश्य आपल्याला दाखवले जात नाही. आपल्याला दिसतात कलिंगडे फोडणारी माणसे, सुरीने भोसकला जाणारा कोबी, पिरगळून तोडलेला मुळ्याचा पाला आणि मायक्रोफोनसमोर किंचाळणाऱ्या नट्या. पडद्यावर भाजी, कानात मात्र अत्याचार!

समीक्षकांनी या चित्रपटाची वाखाणणी केली. त्याच वर्षी ब्रिटनमधील स्वतंत्र चित्रपटांच्या पारितोषिकांत दिग्दर्शक, प्रमुख नट टोबी जोन्स आणि ध्वनियोजना या तिन्हींचा गौरव झाला. सर्वसाधारण प्रेक्षकांत मात्र दोन तट पडले. ‘भूत नाही, खून दिसत नाही, शेवटाचा उलगडा नाही, मग हा भयपट कसला?’ असे काहींचे म्हणणे. उलट, भाजी चिरल्याच्या आवाजानेही जीव घाबरा झाला, असे इतरांचे म्हणणे. दोन्ही तट खरे बोलत होते. ते कसे, हे समजण्यासाठी आधी कानाकडे वळू.

न झोपणारा पहारेकरी

डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहीत. डोळा फक्त समोरचे पाहतो. कान पाठीमागचे, भिंतीपलीकडचे आणि अंधारातलेही टिपतो. झोपेतसुद्धा त्याचा पहारा चालूच असतो. जंगलात राहणाऱ्या आपल्या पूर्वजांना वाघ दिसण्याआधी त्याच्या पायाखालचे वाळलेले पान ऐकू येणे अधिक गरजेचे होते.

अचानक मोठा आवाज झाला, की कर्णपटलावर आदळलेली कंपने आतल्या शंखाकृती नलिकेतील केशपेशींपर्यंत जातात. तेथून निघालेला संदेश मेंदूच्या तळाशी असलेल्या भागात पोहोचतो आणि सेकंदाच्या सुमारे विसाव्या भागात आपली पापणी मिटते, मान आखडते. विचार करणाऱ्या मेंदूला वार्ता समजते ती त्यानंतर. म्हणजे आपण आधी दचकतो आणि मग ‘का दचकलो?’ असे स्वतःला विचारतो.

त्यानंतर मेंदू दोन प्रश्नांची उत्तरे शोधू लागतो. हा आवाज कशाचा? आणि तो जवळ येत आहे की दूर जात आहे? उत्तरे मिळाली, की पहारेकरी शांत होतो. मिळाली नाहीत, तर तो जागाच राहतो.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखानदारीच्या पट्ट्यात याचा अनुभव रोज येतो. कारखान्याशेजारच्या वस्तीत पत्रा दाबणाऱ्या प्रेसचे ठोके रात्रपाळीतही पडत असतात. तेथे वाढलेले मूल त्या ठोक्यांत गाढ झोपते. गावाहून आलेला पाहुणा मात्र दर ठोक्याला कूस बदलतो. आवाज दोघांच्याही कानी सारखाच पडतो. पण मुलाच्या मेंदूने त्याचे नाव-गाव केव्हाच लिहून ठेवले आहे. गंमत म्हणजे मध्यरात्री प्रेस अचानक बंद पडली, तर त्या मुलाचीच झोप चाळवण्याचा संभव अधिक. नेहमीचे काही बदलले, की पहारेकरी कान टवकारतो. कारखान्यातला जाणता कामगारही असाच मशीनच्या आवाजातला बारीकसा फरक ऐकून ‘बेअरिंग गेले’ असे सांगतो.

भयपटाचा ध्वनितंत्रज्ञ नेमके हेच हेरतो. आवाज ऐकू येऊ द्यायचा, पण वरील दोन प्रश्नांची उत्तरे मिळू द्यायची नाहीत!

वाड्यातले गाणे

याचे एक नामांकित उदाहरण आपल्याच मुंबईचे आहे. १९४९ साली बॉम्बे टॉकीजचा ‘महल’ हा रहस्यपट आला. दिग्दर्शक होते कमाल अमरोही आणि संगीतकार खेमचंद प्रकाश. ओसाड वाड्यात नायकाला एका मुलीचे गाणे ऐकू येते. गाणारी कोण आणि कोठे, हे उमगत नाही. ते गाणे गायिले होते विशीत असलेल्या लता मंगेशकरांनी.

आवाज दुरून जवळ येतो आहे असा भास निर्माण करायचा होता. लताबाईंनी पुढे मुलाखतींत सांगितले, की मायक्रोफोन एका मोठ्या खोलीच्या मध्यभागी ठेवला होता. त्या कोपऱ्यातून गात निघायच्या आणि गाण्याचा मुखडा येईपर्यंत चालत मायक्रोफोनपाशी पोहोचायच्या. हे जमेपर्यंत पुनःपुन्हा करावे लागले.

नुसता आवाज बारीक करून भागले नसते का? नाही. मोकळ्या जागेत अंतर निम्मे झाले, की ध्वनीची पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते. समजा, गायिका ८ मीटरवरून निघून अर्ध्या मीटरवर आली. अंतर चार वेळा निम्मे झाले, म्हणजे थेट येणाऱ्या आवाजात २४ डेसिबलची वाढ झाली. पण खोलीत भिंतींवरून परतणारा आवाजही असतो. त्याला निनाद म्हणतात. तो खोलीभर जवळजवळ सारखाच राहतो. गायिका दूर असताना थेट आवाज थोडा आणि निनाद जास्त. जवळ आल्यावर थेट आवाज जास्त आणि निनाद थोडा. या प्रमाणावरून मेंदू अंतर ओळखतो. नुसता आवाज कमी केला, तर हे प्रमाण बदलत नाही आणि फसवणूक उघडी पडते.

प्रेक्षकांची प्रतिक्रिया काय झाली? ध्वनिमुद्रिकेवर गायिकेचे नाव म्हणून चित्रपटातील पात्राचे, म्हणजे ‘कामिनी’ हे नाव छापले होते. हे गाणे आकाशवाणीवर लागताच खरी गायिका कोण, असे विचारणाऱ्या पत्रांची रीघ लागली आणि अखेर लता मंगेशकर हे नाव जाहीर करावे लागले. चित्रपटातील नायक जे शोधत होता, तेच श्रोतेही शोधत होते: हा आवाज कोणाचा? चित्रपटाच्या शेवटी उलगडा होतो, की गाणारी भूत नसून वाड्याच्या माळ्याची मुलगी आहे. आणि मग तो आवाज नुसता गोड उरतो.

जवळ येणारा आणि खरखरणारा

जवळ येणाऱ्या आवाजाची धास्ती प्रयोगांतही दिसून आली आहे. जॉन न्यूहॉफ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९९८ साली श्रोत्यांना वाढत जाणारे आणि तेवढेच कमी होत जाणारे स्वर ऐकवले. दोन्हींतील बदल सारखाच होता, तरी वाढत्या स्वरातील बदल श्रोत्यांना अधिक मोठा वाटला. जवळ येणाऱ्या धोक्याबाबत कान मुद्दामच अतिशयोक्ती करतो. सावधपणाने चूक झाली तर फक्त एक दचकणे वाया जाते. बेसावधपणाने झाली तर प्राण जातो.

किंकाळीत आणखी एक गुण असतो. साध्या बोलण्यात आवाजाचा चढउतार सेकंदाला चार-पाच वेळा होतो. किंकाळीत तो सेकंदाला ३० ते १५० वेळा होतो. त्यामुळे आवाज खरखरीत बनतो. ल्यूक आर्नाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली दाखवून दिले, की हा खरखरीतपणा जितका जास्त तितकी किंकाळी अधिक भयावह वाटते. धोक्याचे इशारे देणाऱ्या कृत्रिम भोंग्यांतही हाच गुण आढळला.

प्राण्यांचेही असेच आहे. डॅनियल ब्लमस्टीन हे शास्त्रज्ञ मार्मट नावाच्या, डोंगरात राहणाऱ्या खारीच्या कुळातील प्राण्यांचा अभ्यास करीत. घाबरलेल्या पिलाचा आवाज फाटतो, हे त्यांना माहीत होते. २०१० साली त्यांनी व सहकाऱ्यांनी १०२ चित्रपटांतील ध्वनी तपासला, तेव्हा भयपटांत असे फाटके, कर्कश आवाज अधिक असल्याचे दिसले. मार्मटचे पिलू आणि चित्रपटाचा संगीतकार एकाच भाषेत बोलतात म्हणायचे!

कारखान्यातील भूत

आता इंग्लंडमधील एक हकीकत. व्हिक टँडी हे अभियंते १९८०-९० च्या दशकात एका प्रयोगशाळेत काम करीत. तेथे रात्री उगाच घाम फुटतो, कोणीतरी असल्याचा भास होतो, अशी बोलवा होती. त्यांना स्वतःलाही एकदा डोळ्याच्या कोपऱ्यात करडी आकृती दिसल्यासारखे झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तलवारबाजीच्या खेळातील पाते दुरुस्तीसाठी शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, आवळले, तर ते आपोआप थरथरू लागले. अभियंत्याला भुतापेक्षा कंपनावर अधिक विश्वास! शोध घेता नव्याने बसवलेला हवा ओढणारा पंखा सापडला. त्यामुळे खोलीत सेकंदाला सुमारे १९ कंपनांची स्थिर लहर तयार झाली होती. माणसाला साधारणपणे २० कंपनांच्या खालचा आवाज ऐकू येत नाही. पंख्याची बैठक बदलताच लहर नाहीशी झाली. टँडी यांनी ही हकीकत १९९८ साली प्रसिद्ध केली.

अशा न ऐकू येणाऱ्या लहरींमुळे भास होतात, हे मात्र पुढील प्रयोगांत पक्के सिद्ध झालेले नाही. तेव्हा पंख्याला भुताचा जनक ठरवण्याची घाई नको. टँडींची पद्धत मात्र घेण्यासारखी आहे: भीती वाटली, तर तिचा उगम शोधावा.

दोन तट का पडले?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ‘बर्बेरियन साउंड स्टुडिओ’मध्ये पहिल्या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांसमोरच असते: हा आवाज कोबीचा. ज्या प्रेक्षकाने ते उत्तर स्वीकारले, त्याचा पहारेकरी शांत झाला. त्याला चित्रपट संथ वाटला. दुसऱ्या प्रेक्षकाला कोबी दिसत होता, पण त्या आवाजाला जोडलेली कथाही तो ऐकत होता. न दाखवलेले चित्र त्याने स्वतःच्या मनात काढले. आणि स्वतः काढलेले भुताचे चित्र नेहमी आपल्याच मापाचे असते! अशा प्रेक्षकाच्या बाबतीत चित्रपटाचा निम्मा दिग्दर्शक तो स्वतःच असतो.

करून पाहा

दहा-बारा मित्रांचे दोन गट करा. सर्वांना डोळे मिटायला सांगा. ओल्या फडक्यात गाजर गुंडाळून मोडा, सेलोफेनचा कागद चुरगळा, पत्र्याच्या ताटात तांदूळ हळूहळू सोडा. पहिल्या गटाला काहीच सांगू नका. दुसऱ्या गटाला आधी सांगा, ‘वादळी रात्र आहे, रानात वणवा लागला आहे, कोणीतरी पडले आहे.’ दोन्ही गटांनी एकमेकांशी न बोलता काय ऐकले ते कागदावर लिहावे. आवाज तेच, मग उत्तरांत फरक पडला का?

फोलीचे, म्हणजे चित्रपटाला असे बनावट आवाज देण्याचे काम याच तत्त्वावर चालते. जॅक फोली या अमेरिकन तंत्रज्ञाचे नाव त्याला मिळाले आहे. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० साली स्थापन झालेल्या चित्रपट संस्थेत ध्वनीचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. २००९ साली ध्वनीसाठी ऑस्कर मिळवणारे रसूल पूकुट्टी हे तेथलेच विद्यार्थी.

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. दिवे लागले, की चित्रपटाची भीती संपते. पण कारखान्यातील सततच्या गोंगाटाने मेलेली केशपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. कारखान्यांसाठी आखलेल्या नियमांत ८ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही कमाल पातळी धरण्यात आली. ९५ असेल तर ४ तास, १०० असेल तर २ तास. गोंगाटाने प्रथम जाते ती उंच स्वर ऐकण्याची शक्ती. म्हणजे बिघडलेल्या बेअरिंगची बारीक चिरचिर आणि मागून आलेली सावधगिरीची हाक नेमकी निसटते. तुमच्या घरातील कोणी अशा विभागात काम करीत असेल, तर कानात घालायचे बोळे ते वापरतात का, हे आजच विचारा. आपल्याला दचकवणारा हा पहारेकरीच आपल्याला वाचवतो. त्याला जपले पाहिजे.

विचार करा

१. उघड्या मैदानावर डोळे मिटून ऐकले, तर आवाजाचे अंतर ओळखणे खोलीतल्यापेक्षा अवघड का जाईल?

२. वरील प्रयोगात मित्रांचे दोन गट कशासाठी केले? एकच गट असता, तर काय सांगता आले नसते?

३. तुमच्या घरी रोज येणारा कोणता आवाज पाहुण्याला त्रास देतो, पण तुम्हाला ऐकूही येत नाही?