ऑटो स्टार्टर बनवण्याआधी

लेकरा, शेतातल्या मोटारीचा ऑटो स्टार्टर स्वतः बनवायचा म्हणतोस, फार बरं वाटलं. एटी८९एस५२ घेतलीस तेही चांगलं. इंटेलनं ८०५१ काढली १९८० साली, हिची जात तीच. मझिदींचं ८०५१ वरचं पुस्तक सावकाश वाच, उदाहरणं स्वतः टाईप करून चालव. मात्र पुस्तक सगळ्या घराण्याचं असतं, तुझ्या हातात त्यातली एकच चिप आहे. तिच्यापुरता शेवटचा शब्द डेटाशीटचा. ही चिप बनवणारी ॲटमेल २०१६ साली मायक्रोचिपनं घेतली, तेव्हा डेटाशीट मायक्रोचिपकडूनच उतरवून घे.

उघडलीस की आधी रीसेटनंतर कुठल्या रजिस्टरात काय असतं ते शोध. या चिपचे चारही पोर्ट रीसेटला एफएफ होतात, म्हणजे सगळ्या पिना १. तू १ दिल्यावर रिले ऑन होईल अशी जोडणी केलीस, तर लाईट येताच, तुझ्या प्रोग्रामची पहिली ओळ चालायच्या आत, मोटारीला झटका बसू शकतो. आपल्याकडं शेतीची लाईट रात्री-बेरात्री येते. अंबड-घनसावंगीकडं मोसंबीला पाणी द्यायला गेलेला माणूस तेव्हा विहिरीत उतरलेला असेल, नाहीतर स्टार्टर उघडून बसला असेल. म्हणून रिले ० वर ऑन होईल असाच जोड.

त्यात आणखी एक फायदा आहे. पिन १ असताना जेमतेम मायक्रोॲम्पियरमध्ये करंट देते, ० असताना १० मिलिॲम्पियरपर्यंत ओढते. पण पोर्ट १, २, ३ यांना प्रत्येकी आठही पिना मिळून १५ चीच मर्यादा. हे आकडे तक्त्याखालच्या बारीक टिपेत छापलेले असतात. टिपा कधी सोडू नकोस.

चिप चालते ४ ते ५.५ व्होल्टवर. कमाल मर्यादांच्या तक्त्यात ६.६ दिसेल, ती चिप खराब होण्याची हद्द समज, तिथवर जायचंच नाही. मे महिन्यात पत्र्याच्या पेटीत काय तापतं ते तुला माहीत आहे. म्हणून शेवटच्या पानांतला ऑर्डरिंगचा तक्ता बघ आणि ८५ अंशांपर्यंत चालणारीच चिप माग.

मोबाईलवर मेसेज यावा म्हणून मोडेम जोडशील, तेव्हा पुस्तकात ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल का आहे ते वहीत काढ. १२ नं भाग, मग ३२ नं, येतील २८,८००. त्याला ३ नं भागलं की मोडेमशी बोलायचा ९,६०० चा वेग बरोब्बर. हेच १२ मेगाहर्ट्झवर करून बघ, १०,४१७ येतात, आणि मोडेमला त्यातलं धड काही कळत नाही. असं गणित एकदा हातानं केलं की टायमरचा सगळा धडा उलगडतो.

इंग्रजीला घाबरू नकोस, डेटाशीटमध्ये तेच तेच शब्द फिरून येतात.

आणि शेतात नेण्याआधी मोटारीच्या जागी बल्ब लाव. लाईट पुन्हा पुन्हा घालवून आणून बघ. बल्ब एकदा जरी नको तेव्हा लुकलुकला, तरी मोटार जोडू नकोस.