यंत्रमागाचा नाद आणि निळा प्रकाश



‘ध्वनी आणि प्रकाश’ हे प्रकरण केवळ गुणांसाठी पाठ करण्याचे नाही. बमरोलीच्या गल्लीत शिरताच लूम्सचा खडखडाट ऐकू येतो. यंत्रमाग मात्र भिंतीआड असतो. आवाज वळणावरून येतो, मग प्रकाश का येत नाही?

ध्वनी आणि प्रकाश हे दोन्ही तरंग आहेत. तरंग ऊर्जा वाहून नेतो, पदार्थ नव्हे. वारंवारता आणि तरंगलांबी यांचा गुणाकार म्हणजे तरंगाचा वेग. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणून १०० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी ३.४ मीटर, म्हणजे दाराच्या रुंदीहूनही अधिक. असा तरंग दारातून निघताच चहूकडे पसरतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. म्हणून तो जवळजवळ सरळ रेषेत जातो आणि सावली पाडतो. ध्वनीला माध्यम लागते. प्रकाश पोकळीतूनही सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर वेगाने येतो.

प्रकाशाच्या बाबतीत तरंगलांबीला किती महत्त्व आहे, हे आम्ही बालरोगतज्ज्ञ नित्य अनुभवतो. नवजात बाळाची कावीळ वाढली की त्याला निळ्या प्रकाशाखाली ठेवतो. ४६० ते ४९० नॅनोमीटरचा हा प्रकाश त्वचेतील बिलिरुबिन शोषून घेते, त्याच्या रेणूची रचना बदलते व तो शरीराबाहेर टाकणे सुलभ होते. तांबडा प्रकाश कितीही प्रखर केला तरी हे कार्य होत नाही. इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील परिचारिका सिस्टर जीन वॉर्ड यांना उन्हात ठेवलेल्या बाळांचा पिवळेपणा कमी झालेला आढळला. त्या निरीक्षणातून १९५८ मध्ये ही उपचारपद्धती प्रसिद्ध झाली. तथापि आज बाळाला खिडकीतील उन्हात धरणे हा उपचाराला पर्याय नव्हे.

ध्वनीच्या बाबतीत तीव्रता निर्णायक ठरते. डेसिबलचे मापन फसवे आहे. साधे संभाषण सुमारे ६० डेसिबलचे असते. ९० डेसिबल म्हणजे त्याच्या दीडपट नव्हे, तर तीव्रतेने १,००० पट! धोट्याच्या मागांच्या कारखान्यात आवाज अनेकदा ९० च्या पुढे जातो. दिवसाकाठी ८ तासांसाठी ८५ डेसिबल ही मर्यादा मानली, तर त्यापुढे प्रत्येक ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे ९४ डेसिबलमध्ये अवघा १ तास!

आंतरकर्णातील केसपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. प्रथम ४,००० हर्ट्झच्या आसपासची श्रवणशक्ती घटते. मनुष्य बहिरा वाटत नाही. परंतु ‘स’, ‘श’ यांसारखे वर्ण निसटतात, ‘सात’ आणि ‘हात’ यांत गोंधळ होतो.

म्हणून माझी विनंती आहे. मागावर काम करणाऱ्या वडिलांना, काकांना हे गणित समजावून सांगा व कानात संरक्षक बोळे घालण्याचा आग्रह धरा. सुट्टीतही मुलांना मागांजवळ थांबू देऊ नका. आणि एखादा विद्यार्थी वर्गात ‘लक्ष देत नाही’ असे वाटले, तर त्याला रागावण्याआधी त्याचे कान तपासून घ्या.