मासवडी, मटण आणि वाइनची बाटली

प्रश्न : मी चाकणच्या एका वाहन कंपनीत गुणवत्ता विभागात आहे. जर्मनीहून आलेले एक सहकारी पुढच्या महिन्यात सहकुटुंब आमच्याकडे जेवायला येणार आहेत. आमचं गाव जुन्नर तालुक्यातलं, त्यामुळे मासवडी आणि मटण हा बेत आईने परस्पर ठरवूनही टाकलाय. वाइन आपल्या इकडचीच द्यावी असं मला वाटतं. पण मागे एका हॉटेलात मटणाच्या रश्श्याबरोबर रेड वाइन घेतली, तर तोंडाची आग झाली आणि वाइन कडूजहर लागली. मटणाला रेड आणि माशाला व्हाइट, असाच नियम आहे ना? मग चुकलं कुठे?
— एक वाचक, मोशी

उत्तर : चुकलाय तो नियमच. तो ज्या स्वयंपाकघरांत तयार झाला तिथे मांस मीठ-मिरी लावून भाजतात, फार तर वर थोडं लोणी. आपल्याकडे मटण नावाला. ताटात राज्य काळ्या मसाल्याचं आणि तर्रीचं. म्हणून वाइन निवडताना मांस कुठलं हे नंतर बघा, आधी रस्सा किती झणझणीत आहे ते बघा.

तिखट ही खरं तर चव नाही, ती जळजळ आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या ज्या मज्जातंतूंना चेतवतं, ते मुळात चटका ओळखण्यासाठी असतात. एरवी ते साधारण ४२ अंश सेल्सिअसला जागे होतात. अल्कोहोल ही मर्यादा ३४ अंशांच्या आसपास आणून ठेवतं, म्हणजे तोंडाच्या रोजच्या तापमानाच्याही खाली. रश्श्याने आधीच पेटलेल्या तोंडात १४ टक्के अल्कोहोलची वाइन गेली की काय होणार, ते तुम्ही अनुभवलंच आहे. त्यात रेड वाइनमध्ये टॅनिन असतं. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरणारा हा तुरटपणा लाळेतल्या प्रथिनांना चिकटतो आणि तोंड कोरडं पाडतो. जळजळणाऱ्या तोंडाला तो दुप्पट बोचतो. शिवाय मिरचीपुढे वाइनमधली फळाची चव लपते आणि कडूपणा तेवढा उरतो.

मग काय द्यायचं? थंडगार, जरा गोडसर आणि आंबटपणा चांगला असलेली व्हाइट वाइन. नाशिककडे होणारी शेनिन ब्लाँ यात चपखल बसते. (दुकानात ‘चेनिन’ म्हणालात तरी तीच बाटली मिळते.) गोडी मिरचीला सावरते, आंबटपणा तेलकटपणा कापतो आणि टॅनिन जवळजवळ नसतंच. तुमच्या पाहुण्यांना ही जात अगदीच परकी वाटणार नाही, कारण त्यांच्याकडची रीझलिंग याच वळणाची असते. ते स्वतः बाटली आणतो म्हणाले तर लेबलवर ‘ट्रॉकन’ लिहिलेली नको म्हणून सांगा, ती कोरडी असते. ‘हाल्बट्रॉकन’ किंवा ‘काबिनेट’ चालेल.

आता मासवडी. आईच्या बेताला माझा पूर्ण पाठिंबा आहे, कारण वाइनबरोबर इतका जमणारा दुसरा मराठी पदार्थ मला पटकन सुचत नाही. शिजवलेल्या बेसनाचं सौम्य आवरण, आत तीळ, सुकं खोबरं, लसूण, कोथिंबीर. तीळ-खोबऱ्याच्या तेलामुळे वाइनचा आंबटपणा बोचत नाही. मात्र अट एकच : वड्या आधी कोरड्याच द्या, रस्सा वाटीत बाजूला. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत वड्या आणि वाइन, मग भाकरी आणि रस्सा. रस्सा आल्यावर ग्लास बाजूला सारून ताक आणा. हे ऐकून काही वाइनप्रेमी नाराज होतील, पण झणझणीत रश्श्याला जोडीदार ताकच. दुधातलं केसिन हे प्रथिन कॅप्सेसिन धुऊन नेतं. वाइनला ते जमत नाही आणि तिच्याकडून तशी अपेक्षाही करू नये.

रेड वाइन ठेवायचीच असेल तर मटणाचा थोडा भाग सुका करा : आलं-लसूण, मिरपूड, खोबरं, मिरची अगदी बेताची. त्याबरोबर हलकी, फळांच्या चवीची शिराझ घ्या. मीठ आणि चरबी टॅनिनचा कडूपणा बोथट करतात, आणि इथे तुमचा तो जुना नियम खरंच लागू पडतो. पांढरा रस्सा करणार असाल तर नारळाच्या दुधामुळे पुन्हा व्हाइटच बरी. जेवणाच्या शेवटी पुरणपोळी असेल तर मात्र वाइन थांबवा. वाइन पदार्थाहून गोड नसली की ती आंबटढाण लागते, आणि पुरणाहून गोड वाइन शोधणं हे वेगळंच काम आहे. ‘लेट हार्वेस्ट’ नावाने मिळणाऱ्या वाइन त्यासाठीच असतात, पण त्या रात्री तूप पुरे.

आपल्या इकडचीच वाइन द्यायची ही तुमची इच्छा तर जुन्नरकराला शोभणारीच आहे. भारतात वाइन म्हटलं की आज सगळे नाशिककडे बोट दाखवतात, पण तुमच्या गावाकडे जाताना चाकण, राजगुरुनगर, मंचर ओलांडल्यावर जे नारायणगाव लागतं, तिथे १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी इंडेज ही कंपनी उभी केली होती. फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने तिथे शॅम्पेनच्या पद्धतीची, म्हणजे बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली, फसफसती वाइन तयार झाली. ‘ओमर खय्याम’ या नावाने ती परदेशातही विकली गेली. नाशिकच्या सुला कंपनीची पहिली वाइन बाजारात आली ती २००० साली, म्हणजे बऱ्याच नंतर. पुढे इंडेज कर्जात रुतली आणि बंद पडली. ती कथा पाहुण्यांना जरूर सांगा. बाटली मात्र आता नाशिकची किंवा अकलूजची घ्यावी लागेल. अकलूजजवळ फ्रातेल्ली ही कंपनी मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की या तीन घराण्यांच्या भावाभावांनी मिळून काढली. फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ.

प्रश्न : माझे वडील पिंपरीच्या एच.ए. कंपनीत होते. ते म्हणायचे, पेनिसिलिन काय नि वाइन काय, दोन्ही टाकीत आंबवूनच होतं. मग जुन्नरच्या जंबो द्राक्षांची वाइन का करत नाहीत? खायला तर तीच भारी लागतात.
— एक वाचक, आकुर्डी

उत्तर : वडील बरोबर सांगत होते, फरक फक्त हवेचा आहे. १९५४ साली पिंपरीत उभ्या राहिलेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलियम बुरशीला जंतुविरहित हवा सतत पुरवावी लागायची. हवा थांबली की उत्पादन बसलं. वाइनच्या टाकीत उलटं असतं : तिथे यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं, आणि हवा आत शिरू दिली तर वाइन बिघडते. दोन्हीकडे स्टेनलेस स्टीलच्या टाक्या आणि तापमानावर सक्त पहारा. व्हाइट वाइनसाठी टाकी १२ ते १८ अंशांवर ठेवतात, नाहीतर फळाचा सुगंध गॅसबरोबर उडून जातो.

आता तुमचे जंबो. खायच्या द्राक्षाचं सगळं कौतुक त्याच्या आकारात, पातळ सालीत आणि बिया नसण्यात आहे. त्यासाठीच शेतकरी घड जिबरेलिक आम्लात बुडवतात, विरळणी करतात. वाइनला नेमकं याच्या विरुद्ध हवं. मणी बारीक, साल जाड, आत बिया. कारण रंग, सुगंध आणि टॅनिन सालीत असतात, आणि मणी लहान असला की रसाच्या मानाने साल जास्त मिळते. बहुतेक काळ्या द्राक्षांचाही रस पांढराच असतो. रेड वाइन लाल होते ती सालीसकट आंबवल्यामुळे. साखरेचाही हिशोब आहे : लिटरभर रसातली साधारण १७ ग्रॅम साखर एक टक्का अल्कोहोल देते, म्हणून वाइनची द्राक्षं २२ ते २४ ब्रिक्सपर्यंत (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) वेलीवर ठेवतात. खायची द्राक्षं इतकी थांबवली तर बाजारात पोचेपर्यंत मणी गळायला लागतील.

एक गोष्ट मात्र दोन्ही बागांमध्ये सारखी आहे, आणि युरोपातल्या वाइनवाल्यांना तिचं फार नवल वाटतं. त्यांच्याकडे वेल हिवाळ्यात झोपतो आणि वर्षातून एकदा छाटला जातो. आपल्याकडे तो झोपतच नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, अशा दोन छाटण्या करून पीक पावसाच्या तावडीतून सोडवायचं आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी करायची. तिकडची तोडणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होते. त्यामुळे लेबलवर एकच साल असलं तरी आपली बाटली त्यांच्यापेक्षा सहा-सात महिन्यांनी मोठी असते.

प्रश्न : रेड वाइन म्हणे खोलीच्या तापमानाला प्यायची. चिंचवडच्या माझ्या फ्लॅटमध्ये मे महिन्यात हे कसं जमवायचं?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : जमवू नका. ती ‘खोली’ युरोपातल्या जुन्या दगडी घराची, १६ ते १८ अंशांची. आपल्याकडे मे महिन्यात रेडची बाटलीसुद्धा ओतण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, व्हाइट दोन-तीन तास. बाटल्या स्वयंपाकघराच्या माळ्यावर साठवू नका, तिथल्या उष्णतेने वाइनला शिजल्यासारखा वास येतो. घेतानाही दुकानाच्या काचेत उन्हात उभी असलेली बाटली टाळा आणि लेबलवरचं साल बघा. आपल्याकडच्या बहुतेक व्हाइट वाइन वर्ष-दोन वर्षांत संपवण्यासाठीच केलेल्या असतात. मुरवत ठेवून त्या सुधारत नाहीत. फिरकीचं झाकण दिसलं म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. बुचामुळे कधी कधी ओल्या पुठ्ठ्यासारखा वास लागतो, तो धोका या झाकणात फारसा नसतो. हॉटेलात आधी घोटभर ओतून देतात तेही हा वास तपासायला. वाइन आवडली की नाही, हे त्या वेळी कोणी विचारत नसतं. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये तीन दिवस, त्यानंतर ती मटण मुरवायला वापरा.

प्रश्न : २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकण्याची चर्चा झाली, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असं ऐकलं होतं. खरं काय?
— एक वाचक, भोसरी

उत्तर : तो वाद राजकारणाचा होता. राज्य मंत्रिमंडळाने २७ जानेवारी २०२२ रोजी निर्णय घेतला, विरोध झाला आणि तो अमलात आला नाही. शरीराचा हिशोब सोपा आहे. १२.५ टक्के अल्कोहोलच्या १५० मिलिलिटर वाइनमध्ये सुमारे १५ ग्रॅम अल्कोहोल असतं. ४५ मिलिलिटर व्हिस्कीमध्येही जवळजवळ तेवढंच. म्हणजे एक ग्लास वाइन म्हणजे दीड स्मॉल पेग, आणि यकृताला बाटलीवरचं लेबल वाचता येत नाही. महाराष्ट्रात वाइन घ्यायला वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात, कायद्याने पिण्याचा परवानाही लागतो, आणि गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागू होतं, मग ते व्हिस्कीतून आलेलं असो की वाइनमधून.