सेल्फ घेत नाही? आधी तो ब्रेक दाब बघू

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा माझी भाकरी तव्यावर होती. ती करपली, तो हिशेब नंतर करू. एका एटीव्हीला ब्रेक लागत नाही, दुसरी सेल्फ घेत नाही, दिवाळीची गर्दी आठ दिवसांवर आलीय आणि नवरा बोटीवर, हे सगळं तू एका दमात सांगितलंस. खरं सांगू का, आमच्या पहिल्या वर्षी मी याहून जास्त रडले होते. तेव्हा मला साधा स्पार्क प्लग कुठे असतो तेही ठाऊक नव्हतं. तुला निदान कुठली गाडी कशाने अडलीय ते तरी सांगता आलं.

हे बघ, चार महिने पावसात उभ्या राहिलेल्या गाडीचं हे असंच होतं. नागावच्या वाळूवर गिऱ्हाईक मशीन झिजवतं, पण त्याहून जास्त त्याला खारी हवा खाते. तेव्हा लगेच नवीन पार्ट मागवत सुटू नकोस. आधी फुकटात होणारं बघायचं, मग दहा रुपयांचं, आणि हजाराचं सगळ्यात शेवटी.

आधी सुरू न होणारी घे. सेल्फ मारताना तू ब्रेकचा लिव्हर दाबला होतास का? हसू नकोस गं. बऱ्याच एटीव्हींना ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही. लिव्हरच्या बुडाशी एक एवढासा स्विच असतो. त्यात खार धरला की तू कितीही दाब, गाडीला वाटतं ब्रेक मोकळाच आहे. म्हणजे दोष ब्रेकपाशी असतो आणि आपण बॅटरीला शिव्या घालतो. याच्या उलटही होतं. स्विच दाबलेलाच अडकला की मागचा लाल दिवा जळत राहतो, आणि चावी चालू राहून गेली तर सकाळी बॅटरी बसलेली. म्हणून लिव्हर दाबून-सोडून तो दिवा लागतो-विझतो का, हे पहिलं बघ. गाडी न्यूट्रलला आहे ना, आणि हँडलवरचं लाल बटण चालू आहे ना, तेही बघ. मी एकदा पुसताना ते बटण बंद केलं आणि अलिबागहून मेकॅनिक बोलावला. त्याने एका बोटाने ते सरकवलं, गाडी सुरू झाली, चहा पिऊन गेला. पैसेसुद्धा घेतले नाहीत त्याने. तेच जास्त लागलं मला.

एवढ्यावर नाही भागलं तर मल्टिमीटर लागेल. दर दिवाळीला सोन्याचं काहीतरी घेतेस ना, या वर्षी हा घे. गाडी बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट किंवा थोडं वर दाखवलं की ती भरलेली. १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, आधी चार्ज करून घे. मग सेल्फ मारताना काटा बघ. १० च्या बराच खाली गेला तर बॅटरी आतून संपलीय, तिला चार्ज करून उपयोग नाही. गाडी सुरू झाल्यावर थोडी रेस देऊन साधारण १४ दिसायला हवेत. तेवढे दिसले नाहीत तर बॅटरी भरतच नाहीये. ती रेग्युलेटरची किंवा कॉइलची बाब, ती मेकॅनिकच्या पदरात टाक.

आणि बॅटरी चांगली असूनही नुसतं कट-कट वाजत असेल तर दोन्ही टोकं उघड. मायनसची वायर आधी काढायची आणि लावताना ती शेवटी लावायची. प्लसवरचा पाना चासिसला टेकला तर ठिणगी उडते, माझ्या एका पान्याला अजून त्याची खूण आहे. टोकांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसेल. खाण्याच्या सोड्याचं पाणी आणि जुना टूथब्रश, दोन मिनिटांचं काम. मग कोरडं करून, घट्ट आवळून, वरून पेट्रोलियम जेली. तशीच मायनसची वायर जिथे चासिसला बसते तो बोल्टही काढ, खालचा गंज पॉलिश पेपरने घास. आमच्याकडे निम्म्या वेळा रोग त्या बोल्टखालीच सापडलाय.

फ्यूजचं मात्र नीट ऐक. उडालेल्या फ्यूजच्या जागी जेवढ्या अँपिअरचा होता तेवढ्याचाच घालायचा. मी काय केलं होतं माहितीये? शनिवारची गर्दी, फ्यूज मिळेना, म्हणून डब्यातल्या पोळ्यांवरची चांदी गुंडाळून बसवली. गाडी झकास चालली, पंधरा मिनिटं. मग सीटखालून वास आला आणि धूरही. सगळं वायरिंग एकमेकांत वितळून चिकटलं होतं. फ्यूज उडतो तेव्हा बहुतेकदा कुठेतरी वायर सोलून चासिसला लागत असते. हँडल वळतं तिथे, आणि सीटखाली जिथे वायर घासते तिथे आधी हात फिरव.

आता ब्रेक. तू म्हणालीस लिव्हर लिबलिबीत लागतो, दोन-तीनदा मारला की मग धरतो. म्हणजे नळीत हवा शिरलीय, किंवा तेल सादळलंय. हो गं, पापडासारखं सादळतं ते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. ताजं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण सादळलेलं १५५ च्या आसपासच उकळू शकतं. मग तेलात वाफेचे बुडबुडे, आणि लिव्हर हँडलला टेकला तरी गाडी पुढेच. म्हणून दोन वर्षांनी तेल बदलायचंच. टाकीच्या झाकणावर डॉट ३ की ४ लिहिलेलं असतं, तेच आणि सीलबंद आण. गेल्या वर्षीची उघडी बाटली वापरू नकोस.

हवा काढायला दोन माणसं लागतात. मी सासूबाईंना लिव्हरवर बसवते. त्यांनी चार-पाचदा दाबायचं आणि दाबून धरायचं. मी खाली कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक बाटलीतल्या तेलात बुडवते. निपल पाव फेरा सैल केला की बुडबुडे येतात. तो परत आवळेपर्यंत लिव्हर सोडायचा नाही. सासूबाईंनी पहिल्यांदा मध्येच सोडला, सगळी हवा परत आत, आणि वर मलाच ओरडल्या. मधूनमधून वरच्या टाकीत तेल घालत राहा, तळ दिसला की पहिल्यापासून सुरुवात. आणि हे तेल रंगावर सांडू देऊ नकोस, सांडलंच तर लगेच पाण्याने धू. आमच्या लाल गाडीचा रंग पोपडे धरून निघाला होता.

एवढं करूनही दाबून धरलेला लिव्हर हळूहळू खाली जात राहिला आणि बाहेर कुठे तेल गळत नसेल, तर मास्टर सिलिंडरचे वायसर गेले. ते काम घरी करू नकोस. पोरांच्या छोट्या ११० सीसीला पुढे बऱ्याचदा केबलचे ड्रम ब्रेक असतात, तिथे हवा-बिवा नाही, नट फिरवून केबल ताणायची एवढंच.

चाक अडखळत फिरत असेल तर गाडी उचलून हाताने फिरवून बघ. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या खाऱ्या हवेने जाम होतात. काढून, पुसून, ब्रेकचंच ग्रीस लाव. पॅडला मात्र ग्रीसचा थेंब लागता कामा नये, लागला तर पॅड टाकूनच द्यायचा. पार्किंगचा खटका लावलेलाच राहिला नाही ना, तेही बघ. मी तशीच काशिदच्या वाळूवर अर्धा तास फिरले होते, वरून गाडी ओढत नाही म्हणून पेट्रोलपंपावर संशय घेतला. आणि ब्रेक मारताना गाडी एका बाजूला जात असेल तर आधी हवा मोज. या टायरांना ३ ते ७ पीएसआय एवढीच लागते, त्यात एकाचा फरकही जाणवतो.

रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धू, पण प्रेशरने वायरिंगवर मारू नकोस. सगळं जमलं तरी पहिली फेरी तूच मार, ओहोटीच्या रिकाम्या वाळूवर, चालण्याच्या वेगाने. तुला स्वतःला खात्री वाटेपर्यंत गिऱ्हाईक बसवायचं नाही, दिवाळी बुडाली तरी चालेल. शनिवारी मी येते, माझा मल्टिमीटर घेऊन. ओहोटी किती वाजता आहे ते बघून ठेव, आणि तुझ्या सासूबाईंना आधीच सांगून ठेव की 'सोडा' म्हटल्याशिवाय लिव्हर सोडायचा नाही.