सोयरा गांव कसा निवडावा?

मुलीसाठीं स्थळ पाहतांना वडीलधारीं माणसें काय काय चौकशी करितात, तें तुम्हीं घरीं ऐकलेंच असेल. घर कसें, माणसें कशीं, येणें-जाणें होईल काय, उभयपक्षीं मान राहील काय, असे प्रश्न बैठकींत निघतात. एका देशांतील गांवानें दुसऱ्या देशांतील गांवाशीं असेंच नातें जोडावें, अशी चाल आज जगांत रूढ आहे. आणि तेथेंही हेच प्रश्न निघतात, किंवा निदान निघावयास हवेत. गेल्या सत्रांत नववीच्या वर्गापुढें आम्हीं हा विषय ठेविला. आपल्या गांवानें परदेशांतील एखादा गांव सोयरा करावयाचा ठरविल्यास तो कोणता, असें विचारतांच फळा दोन मिनिटांत भरून गेला. लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क, टोकियो, दुबई! वीस हजार वस्तीच्या आमच्या तालुक्याच्या गांवास लंडन शहर काय म्हणून विचारील, हें कोणाच्याच मनांत आलें नव्हतें. तेव्हां हा पाठ त्या वर्गाकरितां लिहिला. पालकांच्याही वाचनांत यावा म्हणून तो येथें देत आहों.

प्रथम शब्द पाहूं. इंग्रज लोक अशा गांवांस जुळे गांव म्हणतात. फ्रेंचांचा शब्दही जुळ्यांवरूनच निघाला आहे. जर्मन भाषेंत भागीदार शहर असा व्यवहारी शब्द आहे. अमेरिकेंत भगिनीनगर म्हणतात. रशियन शब्दाचा अर्थ शपथेनें झालेला भाऊ असा आहे. चिनी भाषेंत थोरल्या बहिणीस एक शब्द व धाकटीस दुसरा. तेव्हां भगिनीनगर म्हटलें कीं थोरली कोण आणि धाकटी कोण, हा प्रश्न आलाच. म्हणून चीनमध्यें मित्रनगर म्हणतात. १९७३ सालीं चीनमधील त्येनचिन व जपानमधील कोबे या दोन बंदरांचें नातें जुळलें. चीननें जोडलेलें असें नातें तें पहिलें. नांवाचा हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण थोरलें कोण व धाकटें कोण, या एका गोष्टीवर पुष्कळ सोयरिकी बिघडल्या आहेत. तिच्याकडे आपण पुन्हां येऊं.

ही चाल युद्धाच्या राखेंतून उगवली. पहिलें महायुद्ध संपल्यावर १९२० सालीं यॉर्कशायरमधील कीथली या गिरण्यांच्या गांवानें उत्तर फ्रान्समधील प्वा-द्यु-नोर नांवाचा उद्ध्वस्त गांव जणूं दत्तक घेतला. दुसऱ्या महायुद्धांत कॉव्हेंट्री या इंग्रज शहरावर १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्रीं जर्मन विमानांनीं बाँब टाकले व शहराचा मध्यभाग जळून गेला. पुढें रशियांतील स्टालिनग्राडचा वेढा सुरू झाला, तेव्हां कॉव्हेंट्रीच्या ८३० स्त्रियांनीं एका टेबलावरील कापडावर आपापलीं नांवें भरतकामानें काढलीं, प्रत्येकीनें सहा पेन्स दिले, आणि तें कापड पैशांसह स्टालिनग्राडला धाडलें. १९४४ सालीं हीं दोन शहरें एकमेकांशीं जोडलीं गेलीं. सहा पेन्स म्हणजे कांहीं मोठी रक्कम नव्हे. परंतु देणारीनें स्वतःचें घर जळलेलें पाहिलें होतें, ही गोष्ट घेणारास ठाऊक होती. १९४७ सालीं इंग्लंडांतील रेडिंगच्या नगराध्यक्षा फीबी कस्डन यांनीं जर्मनींतील ड्युसेलडॉर्फ शहराचीं सहा मुलें आपल्या गांवांतील घरांत राहावयास बोलाविलीं. युद्ध संपून तेव्हां जेमतेम दोन वर्षें झालीं होतीं. त्या मुलांस आपल्या जेवणाच्या टेबलाशीं बसविणें कित्येकांस किती जड गेलें असेल, याचा विचार वाचकांनींच करावा.

निवड कशी करावी, याचें आम्हांस सर्वांत आवडलेलें उदाहरण मात्र याहून निराळें आहे. फ्रान्सच्या पूर्व सीमेजवळ माँबेलियार नांवाचें शहर आहे. जर्मनीच्या व्युर्टेम्बेर्ग प्रांतांत लुडविग्जबुर्ग आहे. १८७०, १९१४ व १९३९ अशीं तीन युद्धें या दोन देशांत एका माणसाच्या आयुष्याइतक्या अवधींत झालीं. फ्रान्सच्या सीमेवरील घरांत आजा एका युद्धांत, बाप दुसऱ्यांत व नातू तिसऱ्यांत गेला, असें सांगणारे लोक विरळ नव्हते. अशा वेळीं, १९५० सालीं, या दोन शहरांनीं मैत्री जोडली. फ्रेंच व जर्मन शहरांमधील हें पहिलें नातें होय. माँबेलियारचे नगराध्यक्ष ल्युसियां तारादां हे फ्रेंच प्रतिकारचळवळींतील गृहस्थ असून त्यांस जर्मनांनीं बुखेनवाल्डच्या छावणींत कोंडलें होतें. ज्यांस द्वेष करण्याचें पुरेपूर कारण होतें, त्यांनींच हात पुढें केला. ही गोष्ट वर्गांत सांगतांना मागच्या बाकावरची कुजबूज थांबली.

परंतु नुसता उदार मनाचा नगराध्यक्ष मिळाला म्हणून शहर कोणतेंही चालतें, असें नव्हे. लुडविग्जबुर्गच कां? याचें उत्तर इतिहासांत सांपडतें. १३९७ सालीं माँबेलियारची वारस राजकन्या व्युर्टेम्बेर्गच्या घराण्यास वाग्दत्त झाली, आणि तेव्हांपासून सुमारें चारशें वर्षें, म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळीं १७९३ त फ्रेंच सैन्य येईपर्यंत, फ्रेंच बोलणारें तें शहर जर्मन राजघराण्याच्या सत्तेखालीं होतें. प्राचीन प्राण्यांच्या अस्थींचा अभ्यास करून प्राणिशास्त्राचा नवा पाया घालणारा क्युविये हा १७६९ सालीं माँबेलियारला जन्मला आणि शिकावयास गेला तो व्युर्टेम्बेर्गच्या राजानें स्थापिलेल्या विद्यालयांत, स्टुटगार्टला. जर्मन महाकवि शिलर याचें बालपण लुडविग्जबुर्गला गेलें; तोही त्याच विद्यालयाचा विद्यार्थी, मात्र क्युवियेच्या आधीं कांहीं वर्षें. पाहा, एका शाळेच्या बाकांवर बसलेलीं दोन मुलें, एक पुढें फ्रान्सचें भूषण व एक जर्मनीचें! दोन गांवांना सांगावयास इतकी गोष्ट असली म्हणजे पाहुण्यांपुढें बोलावयास विषय शोधावा लागत नाहीं. तीन युद्धांच्या खालीं गाडलें गेलेलें जुनें नातें त्यांनीं उकरून काढिलें, एवढेंच. ९ सप्टेंबर १९६२ रोजीं फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनीं जर्मन तरुणांस उद्देशून जें प्रसिद्ध भाषण केलें, तें याच लुडविग्जबुर्गच्या वाड्याच्या अंगणांत. आणि पुढच्या जानेवारींत दोन्ही देशांचा मैत्रीचा तह झाला. आज फ्रान्स व जर्मनी यांच्या दरम्यान अशीं दोन हजारांहून अधिक नातीं आहेत.

तेव्हां पहिला प्रश्न हा: आपल्यामध्यें आधींच कांहीं आहे काय? तें जुनें असेल तर उत्तम. आपल्याच प्रांतांतील उदाहरण द्यावयाचें तर अजिंठ्याजवळच्या औरंगाबादचें (२०२३ पासून छत्रपति संभाजीनगर) व चीनमधील तुनह्वांगचें नातें २०१५ सालीं ठरलें. तुनह्वांगजवळ वाळवंटाच्या कडेस मोगावचीं लेणीं आहेत. तेथेंही अजिंठ्याप्रमाणें बुद्धचरित्राचीं चित्रें भिंतीवर काढिलेलीं आहेत. लेणीं कोरून त्यांत चित्रें काढण्याची ही कला बौद्ध भिक्षूंबरोबर हिंदुस्थानाकडून मध्य आशियाच्या वाटेनें तिकडे गेली. याहून सरस जोडी सुचविणें कठीण. उलट मुंबईचीं नातीं पाहा: योकोहामा, लॉस एंजेलिस, स्टुटगार्ट, सेंट पीटर्सबर्ग, शांघाय! इतके सोयरे असलेल्या यजमानास पाहुण्यांचीं नांवें तरी आठवत असतील काय, अशी शंका येते. मुंबईंत राहणाऱ्या आमच्या कित्येक माजी विद्यार्थ्यांस यांपैकीं एकही ठाऊक नव्हतें. पुण्याचें व ब्रेमेनचें नातें मात्र लोकांच्या जिभेवर आहे, कारण औंधला ब्रेमेन चौक आहे आणि बसगाड्या तेथें थांबतात.

नातें जुनेंच असावें असें नाहीं. तें बाजारांतही सांपडतें. लँकाशायरमधील गार्स्टँग हा अवघ्या कांहीं हजार वस्तीचा गांव. तेथील लोकांनीं २००० सालीं सभा भरवून असें ठरविलें कीं, शेतकऱ्यास रास्त भाव देऊन घेतलेला माल आपल्या दुकानांतून व शाळांतून वापरावा; अशा तऱ्हेचा जगांतला तो पहिला गांव. नंतर त्यांनीं सोयरा निवडला तो घाना देशांतील न्यू कोफोरिडुआ, जेथले शेतकरी कोकोच्या शेंगा पिकवितात. चॉकलेट खाणारा गांव व त्याचें बीज पिकविणारा गांव! नातें तर पूर्वींच होतें. फक्त एकमेकांचें तोंड कोणीं पाहिलें नव्हतें.

आतां त्या थोरल्या-धाकट्याच्या प्रश्नाकडे वळूं. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गानें परदेशांतील एका शाळेशीं पत्रव्यवहार आरंभिला होता. मुलांनीं पोळ्याचें वर्णन लिहिलें, बैलांचीं चित्रें काढलीं. उत्तर प्रेमळ होतें. पण त्यांत बैलाविषयीं एक अक्षर नव्हतें. तुम्हांस काय काय पाठवावें, त्याची यादी कळवा, एवढेंच पुनःपुन्हां विचारलें होतें. मग आमच्याही मुलांचें मन चळलें. दुसऱ्या पत्राच्या मसुद्यांत बैल गेले व क्रिकेटच्या बॅटी आल्या. तो मसुदा आम्हीं धाडला नाहीं आणि पत्रव्यवहार तेथेंच खुंटला. दोष त्या शाळेचा होता असें आम्ही म्हणत नाहीं. तिला कोणीं सांगितलें नव्हतें, आणि सांगण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. आज वाटतें कीं, तीं बैलांचीं चित्रें कशीं वाटलीं, हें सरळ विचारावयास हवें होतें.

श्रीमंत देशांतील गांव व गरीब देशांतील गांव यांचें नातें जुळूंच नये, असा याचा अर्थ नव्हे. इंग्लंडांतील मार्लबरो व पश्चिम आफ्रिकेच्या गांबिया देशांतील समुद्रकांठचें खेडें गुंजूर यांचें नातें १९८२ पासूनचें आहे. मार्लबरोचे तरुण गुंजूरला जाऊन तेथील कुटुंबांत राहिले, तसे गुंजूरचे लोकही मार्लबरोला येऊन राहिले. पाहुणचार दोन्हीकडून झाला कीं याचक कोणीच राहत नाहीं. म्हणून स्थळ पाहतांना दुसरा प्रश्न हा विचारावा: ते आपल्याकडून काय शिकूं इच्छितात? याचें उत्तर देतां न आल्यास तें घर सोडून द्यावें, मग तें कितीही संपन्न असो.

बाकीच्या गोष्टी थोडक्यांत. गांवाचा आकार साधारण सारखा असावा. लहानानें लहान पाहावा. पत्राची भाषा दोन्हीकडे कोणास तरी येत असावी. नगराध्यक्ष व चार सभासद विमानानें जाऊन हार घालून परत येतात आणि नातें तेथेंच संपतें, असे प्रकार सर्व देशांत पुष्कळ घडले आहेत. म्हणून पहिला करार दोन-तीन वर्षांचाच करावा, आणि पहिलें काम शाळा, ग्रंथालय किंवा शेतकरीमंडळ यांजकडे द्यावें. माणूस बदलला तरी संस्था राहते.

आणि नातें बिघडलें तर? २०२२ सालीं रशियानें युक्रेनवर स्वारी केल्यावर युरोपांतील अनेक शहरांनीं रशियन शहरांशीं असलेले संबंध स्थगित केले. त्यांत कॉव्हेंट्रीही आहे. स्टालिनग्राडचें नांव १९६१ पासून व्होल्गोग्राड झालें आहे. तेथील संग्रहालयांत तें ८३० नांवांचें कापड जपून ठेवलेलें आहे. कॉव्हेंट्रीनें योग्य केलें कीं अयोग्य, यावर वर्गांत एक तास वाद झाला व एकमत झालें नाहीं. आम्हांसही निश्चित उत्तर देतां आलें नाहीं. ज्या स्त्रियांनीं तें कापड भरलें, त्या स्त्रियांचें वैर कोणाशीं होतें, हा प्रश्न एका मुलीनें विचारला. तो वहींत टिपून ठेविला आहे.

वादानंतर फळा पुसून आम्हीं पुन्हां प्रश्न केला. या वेळीं लंडन कोणीं म्हटलें नाहीं. बराच वेळ कोणी बोलेना. मग द्राक्षबागाइतदाराचा एक मुलगा उठून म्हणाला, "आमचीं द्राक्षें बोटीनें रॉटरडॅमला जातात, सर, पुढें तीं कोण खातो, तें बाबांनासुद्धां ठाऊक नाहीं." नाशिक जिल्ह्यांतल्या वर्गास हें आधींच सुचावयास हवें होतें! नकाशा उघडला. रॉटरडॅमच्या शेजारींच वेस्टलंड नांवाचा प्रदेश आहे. तेथें आज कांचघरांत टोमॅटो व फुलें होतात. पण शंभर वर्षांपूर्वीं त्या थंड मुलखांत कांचेच्या छपराखालीं द्राक्षेंच पिकत, आणि वेस्टलंडचीं द्राक्षें नांवाजलेलीं होतीं. पुढें दक्षिणेकडील स्वस्त द्राक्षांपुढें तो धंदा टिकला नाहीं. द्राक्षाचा धंदा कसा बुडतो, हें आमच्याकडे प्रत्येक अवकाळी पावसानंतर व गारपिटीनंतर घराघरांत बोललें जातें. धंदा गेल्यावर काय करावें, हें मात्र वेस्टलंडच्या लोकांस आमच्याहून अधिक ठाऊक असणार. आणि उघड्या रानांत, मांडवावर द्राक्ष कसें धरावें, हें आमच्या बागाइतदारांस.

त्या भागांतील एका लहान गांवाच्या शाळेस मुलांनीं पहिलें पत्र इंग्रजींत लिहिलें आहे. त्यांत मागणी कसलीही नाहीं. छाटणी केव्हां करितात, घड विरळ कसे करितात, तें लिहून खालीं तीन प्रश्न घातले आहेत: तुमच्या आजोबांच्या कांचघरांत द्राक्षें होतीं काय? तीं कोणत्या जातीचीं होतीं? आणि तीं काढून टाकतांना घरांत कोण काय बोललें? पत्र गेल्या महिन्यांत टपालांत पडलें.